बाकीचे परतले नाहीत

माईकताईचा चेहरा शहरात फारसा कुणाला ठाऊक नव्हता, पण तिचा आवाज ओळखत नाही असं घर सापडलं नसतं. नळाला पाणी उशिरा येणार, तिचा आवाज. मूल हरवलं, तिचा आवाज. कुणी वारलं, तर कोण वारलं आणि किती वाजता न्यायचं आहे, तेही तिच्याच आवाजात. दुकानात उभी राहून ती साधं "अर्धा किलो द्या" म्हणाली तरी मागची बाई वळून बघायची. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसली होती. नर्सला तिनं विचारलं, "डॉक्टर आले का?" तर बाकावरचे म्हातारे धडाधड उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, पुकारा झाला.

ती हसायची अशा गोष्टींवर. मनातून मात्र तिला त्याचा तोरा होता, आणि का नसावा? कुणी शिकवलं नव्हतं. कापडाच्या दुकानासमोर स्टुलावर उभी राहून सेलच्या घोषणा देता देता ती शिकली होती. श्वास कुठं घ्यायचा, कुठं चोरायचा, शेवटचा शब्द खाली कसा सोडायचा म्हणजे माणूस चालता चालता थांबतो, हे सगळं तिनं रस्त्यावरच्या माणसांचे पाय बघून ठरवलं होतं. पाय थांबले की वाक्य बरोबर. पाय चालत राहिले की वाक्य गेलं चुलीत.

निवडणूक आली की तिला उसंत नसायची. बाजारातल्या माडीवर एक स्टुडिओ होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली एक खोली, काच आणि काचेपलीकडे मालक. त्याला सगळे कानसेन म्हणायचे, कारण त्याला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, पण कुणाचा श्वास कुठं चुकला ते तो झोपेत सांगायचा. सगळ्या पक्षांचं काम त्याच्याकडेच. सकाळी एकाचा जयजयकार, दुपारी त्याच माणसाच्या नावानं शिमगा.

या धंद्याची एक रीत आहे, ती आधी समजून घ्यायला हवी. जाहिरात दोन आवाजांची असली की पुरुषाचा आवाज आपल्या सवडीनं येऊन आपली वाक्यं वाचून जातो, बाईचा आवाज आपल्या सवडीनं. दोघांची गाठ पडत नाही. ज्याच्या त्याच्या हातात आपल्यापुरता कागद. दुसऱ्यानं काय म्हटलं ते कागदावर नसतं, आणि कुणी विचारतही नाही. नाव शेवटी. उमेदवाराचं नाव एकदा नीट म्हणून ठेवलं की ते कुठल्याही वाक्याच्या शेवटी बसवता येतं, सदऱ्याला बटण लावावं तसं. जोडकाम कानसेनचं.

माईकताईला ही रीत सोयीची होती. अर्धा कागद हातात असला की अर्धाच विटाळ, असं काहीतरी तिच्या मनाचं गणित होतं. "आपण आवाज द्यायचा, जबाब नाही," ती म्हणायची. शहरात एक घटस्फोटित बाई निवडणुकीला उभी राहिली होती, तेव्हा "जिला घर सांभाळता आलं नाही ती वॉर्ड काय सांभाळणार?" हे वाक्य गल्लोगल्ली माईकताईच्याच आवाजात फिरलं होतं. ती बाई पुढं शहर सोडून गेली. माईकताई त्या संध्याकाळी नेहमीसारखी जेवली.

तिचा थोरला भाऊ, तिचा दादा, टायरचं दुकान चालवायचा. तरुणपणी तो फौजेत होता. गल्लीतली जुनी माणसं अजून त्याला फौजी म्हणायची. त्याच्याबरोबर त्याच गल्लीतला त्याचा जिवलग दोस्तही भरती झाला होता, उश्या-गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या मावशींचा एकुलता मुलगा. लढाई झाली, त्यांची तुकडी सापडली, आणि मग कित्येक महिने दोघांचाही पत्ता नव्हता. पुढं कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा दादा परत आला. गालफडं बसलेली, दाढीत पांढरे केस. स्वतःच्या घरात पाऊल टाकण्याआधी तो मावशींच्या दारात गेला आणि त्यांना म्हणाला, "जागच्या जागी गेला, मावशी. त्याला कळलंसुद्धा नाही." मग घरी आला, आंघोळ केली आणि झोपला.

त्यानंतर त्यानं त्या दिवसांबद्दल तोंड उघडलं नाही आणि घरानं त्याला उघडायला लावलं नाही. वहिनीनं विचारलं नाही. माईकताईनंही नाही. परत आला ना, मग झालं तर.

असा माणूस निवडणुकीला उभा राहिला तो दवाखान्यापायी. वॉर्डातला एकुलता दवाखाना बंद करून ती इमारत गोदामाला द्यायचा घाट घातला गेला होता, आणि गोदामवाला स्वतःच समोरचा उमेदवार होता. दादा चार वेळा अर्ज घेऊन गेला, चार वेळा त्याला दारातून वाटेला लावलं. पाचव्या वेळी तो उमेदवारीचाच अर्ज भरून आला. वहिनी म्हणाली, "टायरमधली हवा कमी पडली वाटतं, आता डोक्यात भरून घेतलीय." पण पत्रकं वाटायला तीच सगळ्यात पुढं.

माईकताईनं त्याच्या गाडीची घोषणा फुकट म्हटली. त्याचं नाव घेताना ती जरा थांबली, मग असं म्हणाली की काचेपलीकडे कानसेननं मान डोलावली. "हे नाव काय म्हटलंय ताई तुम्ही," तो म्हणाला. "असं नाव ऐकून तर मीसुद्धा मत देईन."

त्याच आठवड्यात तिच्या हातात दुसरा एक कागद पडला. दोन आवाजांची जाहिरात. तिच्या वाट्याला मोजकी वाक्यं. बाकीचे परतले नाहीत. हेच कसे परतले? आम्ही आरोप करत नाही. आम्ही फक्त विचारतो.

तिनं वाचलं आणि तिला हसू आलं. शेजारच्या वॉर्डात एक बहाद्दर होता, साथीदारांना घेऊन पक्ष सोडून गेला आणि महिन्याभरात एकटाच शेपूट हलवत परत आला. "हा तो टोपीफिरव्या का?" तिनं विचारलं.

कानसेन तारा नीट करत होता. "तुम्ही आवाज द्या ताई. टोपी आम्ही बघून घेतो."

तिनं आवाज दिला. चांगला दिला. "फक्त विचारतो" मधला "फक्त" तिनं इतका मऊ उच्चारला की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारी खरंच काळजीनं विचारतेय.

*

प्रचाराची गाडी दादाच्या दुकानासमोरून गेली तेव्हा ती तिथंच होती, पत्रकांचा गठ्ठा द्यायला आलेली. दादा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. वहिनी आत नटबोल्ट निवडत होती. बाहेर शाळेच्या बसचा ड्रायव्हर चाक लागायची वाट बघत बसला होता.

आधी पुरुषाचा आवाज आला. भरदार, खर्जातला. माईकताईला बरा वाटला. "लढाईत पकडले गेले. महिनोन्महिने शत्रूच्या कोठडीत राहिले." आणि लगेच तिचा स्वतःचा आवाज. "बाकीचे परतले नाहीत. हेच कसे परतले?" पुरुष म्हणाला, "तिथं काय बोलले? कोणाला काय दिलं?" ती म्हणाली, "आम्ही आरोप करत नाही. आम्ही फक्त विचारतो." आणि शेवटी, जरा थांबून, मायेनं, दादाचं नाव.

जोड कुठं आहे ते तिलासुद्धा ऐकू आलं नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, आणि त्याची लाज तिला पुढं जन्मभर पुरली.

गाडी कोपऱ्यावर वळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ड्रायव्हर उठला. "चाक मी नंतर नेतो," म्हणाला, आणि कुणाकडं न बघता निघून गेला. बस तिथंच, तीन चाकांवर जॅक लावून उभी.

वहिनी बाहेर आली. हात तेलकट. "हे तुम्ही म्हणालात?"

"वहिनी, मला अर्धाच कागद..."

"तुम्ही म्हणालात की नाही?"

"म्हणाले."

"नाव फार गोड घेतलंत," वहिनी म्हणाली. "सख्खी बहीण शोभलात."

दादानं ट्यूब पाण्यातून काढली, भोक सापडलं होतं तिथं खडूनं खूण केली आणि पुसायला फडका घेतला.

कानसेनकडं ती धावतच गेली. जिना चढून धाप लागलेली, तोंडाला येईल ते बोलली. त्यानं ऐकून घेतलं. मग चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

"ताई, मी दोन्हीकडचं काम घेतो. तुम्हीही घेता."

"माझ्या भावाचं नाव तू त्याच्याच घोषणेतून कापून घेतलंस."

"बटण हाताशी होतं, लावलं." मग जरा खालच्या आवाजात, "त्या घटस्फोटवाल्या बाईचाही भाऊ आला होता. इथंच उभा होता, तुम्ही आहात तिथं. मला म्हणाला, ती माईकवाली कुठं राहते तेवढं सांग. मी नाही सांगितलं. तुमच्यासाठी."

तिनं कप उचलला नाही. पोलिसात जाईन म्हणाली. कानसेन हसलाही नाही. "काय लिहिणार तक्रारीत? आम्ही तर फक्त विचारलंय."

इथंच तर खरी मेख आहे. ज्यानं हे लिहिलं तो कुठल्या तरी थंड खोलीत बसलेला शहाणा असणार. खोटं बोललं की खोटं पाडता येतं. प्रश्नाचं काय पाडणार? ज्यानं जन्मात खंदक पाहिला नाही, ज्याची छाती फक्त हार घालायच्या कामाची, तो उठतो आणि कैदेतून आलेल्या माणसाला विचारतो, जिवंत कसा? म्हणजे मेला असता तर पुतळा, आणि जगला तर गद्दार.

संध्याकाळपर्यंत शहरभर एकच कुजबुज. शब्द गोदामवाल्याचे आहेत हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. "अरे, त्याची सख्खी बहीण विचारतेय. काहीतरी असल्याशिवाय?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती दादाकडं गेली. तो मागच्या अंगणात टायरवर बसून दात घासत होता.

"मी उत्तर रेकॉर्ड करते," ती म्हणाली. "माझ्याच आवाजात. तू कसा परत आलास ते सगळं सांगते. गाडी लावते गल्लीगल्लीत."

त्यानं चूळ भरली. "मी कसा परत आलो, तुला माहीत आहे?"

तिनं नळाखाली बादली सरकवली.

"नाही ना. मग काय रेकॉर्ड करशील?"

तेव्हा तिला कळलं की तो कागद वाचताना तिनं जो प्रश्न इतक्या मऊपणे विचारला, तो तिच्या पोटात आधीपासूनच होता. विचारायची हिंमत झाली ती दुसऱ्याचं नाव समजून.

"सांग," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं, टायरच्या किमती सांगाव्यात तसं. कोठडीत ते दोघंही होते, तो आणि दोस्त, आणि तुकडीतले आणखी काही. दोस्ताच्या मांडीत गोळी होती, पाय सुजून दुधीसारखा झालेला, वास यायला लागलेला. अदलाबदलीच्या दिवशी अधिकारी येऊन म्हणाला, जे फाटकापर्यंत चालू शकतील ते आज जातील, बाकीचे बरे झाल्यावर.

"मी त्याला खांद्यावर घेतला. पहारेकऱ्यानं काढून पुन्हा खाली ठेवला. एकेकट्यानं चालायचं, म्हणाला. मी चाललो."

"आणि बाकीचे?"

"ते बरे झाले नाहीत."

नळातून बादलीत पाणी पडत होतं. ती भरून वाहू लागली तरी कुणी उठलं नाही.

"हेच सांगू या की, दादा," ती म्हणाली. "यात तुझी चूक कुठं आहे?"

"हे सांगितलं की पहिलं कुणाला कळेल?"

तिला क्षणभर उमजलं नाही. मग उमजलं.

"मावशींना मी सांगितलंय, जागच्या जागी गेला," दादा म्हणाला. "त्या वाक्यावर ती बाई इतकी वर्षं झोपतेय. निवडणुकीसाठी मी तिच्या डोक्याखालची उशी काढू?"

"मग हरशील."

"हरेन की. आधी काय मोठा जिंकत होतो?"

त्यानं तिच्याकडून वचन घेतलं. दोस्त कोठडीत होता हे कुणाला सांगायचं नाही, वहिनीलासुद्धा नाही.

*

तिच्याच्यानं गप्प बसवेना. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ती हातातला माईक घेऊन बाजाराच्या चौकात उभी राहिली. माणसं थांबली. तिचे डोळे सवयीनं त्यांच्या पायांकडे गेले. सगळे पाय थांबले होते.

"गाडीवरचा आवाज माझा आहे," ती म्हणाली. "मला अर्धा कागद दिला होता. माझ्या दादानं कुणाला काही विकलं नाही. तो कसा परतला ते आता मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही, कारण ते सांगायचा हक्क माझा नाही."

"का सांगणार नाही?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"कारण त्यात दुसऱ्याचं दुःख आहे."

"बहीणच ती, दुसरं काय म्हणणार?" एक बाई शेजारणीला म्हणाली, माईकमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. हीच बाई चार दिवसांपूर्वी म्हणत होती, सख्खी बहीण विचारतेय म्हणजे खरंच असणार. आरोप करताना बहीण साक्षीदार, बाजू घेताना नातेवाईक. शहराचा काटा असा एका अंगाला झुकलेला असतो आणि त्यात वजनं टाकणारे गोदामवाले असतात.

वाक्य कसं कापतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आयुष्य त्यातच गेलं होतं. तरी रागाच्या भरात तिनं कापता येईल असं वाक्य भर चौकात देऊन टाकलं. दुपारपर्यंत ते शहरातल्या प्रत्येक मोबाइलवर होतं. "तो कसा परतला ते आता मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही." एवढंच. पुढचं कापलेलं.

दादा हरला. थोडक्यात नाही, चांगला आपटला. त्याच्या स्वतःच्या गल्लीनंही त्याला हात दिला नाही. दवाखान्याच्या दारावर गोदामाची पाटी लागली. दुकानाच्या शटरवर कुणीतरी डांबरानं लिहून ठेवलं होतं, "कसा परतला?"

*

निकालानंतरच्या दुपारी दादा रॉकेलच्या फडक्यानं शटर घासत होता आणि माईकताई डबा धरून उभी होती. वहिनी तिच्याशी बोलत नव्हती, पण तिनं पाण्याचा तांब्या आणून तिच्या जवळ ठेवला होता. डांबर निघत नव्हतं, पसरत होतं.

मावशी आल्या तेव्हा उन्हानं त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. एका हातात शिवणाची पिशवी. कामावरूनच उठून आलेल्या दिसत होत्या, पदराला दोरा लोंबत होता.

"दादाकडं आलात का, मावशी?" माईकताई म्हणाली.

"तुझ्याकडं काम आहे," मावशी म्हणाल्या. "गाडीवर तू म्हणायचीस ना, बाकीचे परतले नाहीत. मी मशीनवर बसून रोज ऐकायची. आधी कानाआड केलं. मग वाटलं, लढाईत पडलेल्यांना कुणी परतले नाहीत म्हणत नाही, पडले म्हणतात. म्हणजे त्या कोठडीत आणखी पोरं होती."

दादाचा हात शटरवर थांबला.

"बाकीच्यांत माझा होता का गं?"

एक "नाही" पुरला असता. अख्खं शहर ज्या आवाजावर पाणी भरून ठेवायचं, त्या आवाजात तिनं नुसतं "नाही, मावशी" म्हटलं असतं तर म्हातारी घरी जाऊन मशीन चालवायला लागली असती. माईकताईनं श्वास घेतला. शब्द तयार होता, कुठं थांबायचं तेही ठरलं होतं.

"होता," दादा म्हणाला.

त्यानं फडका खाली ठेवला, पँटला हात पुसले आणि आतलं स्टूल आणून त्यांच्यापुढं ठेवलं. मावशी बसल्या नाहीत.

"बरेच दिवस?"

"हो."

"दुखत होतं त्याला?"

"हो."

"कुणी पाणीबिणी द्यायचं?"

"मी द्यायचो."

"तू निघालास, तेव्हा शुद्धीवर होता?"

"बघत होता माझ्याकडं. मी सांगून आलो, तुला न्यायला कुणाला तरी पाठवतो म्हणून."

मावशींनी पदराचा दोरा ओढून तोडला आणि बोटाला गुंडाळत राहिल्या. वहिनी आतल्या उंबऱ्यात येऊन उभी होती. तिला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं.

"तू त्या दिवशी माझ्या दारात आलास," मावशी म्हणाल्या, "आणि मी त्याची वाट बघणं सोडलं. त्याच संध्याकाळी सोडलं. तो तिकडं जिवंत असेल, वाट बघत असेल, आणि मी इकडं त्याचे कपडे वाटून टाकले."

"मावशी, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी पिशवी काखेत घेतली. रस्ता ओलांडायला वळल्या तेव्हा तोल जरा गेला. माईकताईनं रॉकेलचा डबा खाली ठेवला आणि त्यांचं कोपर धरलं. "चला, घरापर्यंत येते."

मावशींनी कोपर सोडवून घेतलं.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तू वाटेत बोलशील."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत त्या थांबल्या. मग एकट्याच पलीकडं गेल्या.